चार क्विंटलांचा हप्ता

सप्टेंबर 2020 मध्ये शैक्षणिक कर्जाचा पहिला हप्ता कापला गेला, तेव्हा मी गोंदियाजवळच्या नागऱ्यात घरीच होतो. टाळेबंदीमुळे पुण्याची खोली सोडून आलो होतो आणि माजघरात लॅपटॉप मांडून कंपनीचे काम करत होतो. मोबाइलवर बँकेचा संदेश आला: 7,631 रुपये. बाबांना आकडा सांगितला. त्यांनी विचारले, "म्हणजे किती धान, बाबू?" त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 1,868 रुपये होता. मी भागाकार केला. चार क्विंटलांहून थोडे जास्त. वर्षाचे 49 क्विंटल.

बाबा काही बोलले नाहीत. बालाघाट रस्त्याच्या बाजूला आमची तीन एकरांची बांधी आहे. पाऊस बरा झाला तर एकरी सोळा क्विंटल पिकते. आमचे अख्खे शिवार दहा वर्षे बँकेसाठी पिकवायचे, असा तो हिशेब होता, आणि त्यात खत, रोवणीची मजुरी, चुरणीचा खर्च धरलेलाच नव्हता.

2015 मध्ये गोंदियाच्या धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयातून बारावी झालो आणि नागपूरजवळच्या एका खासगी महाविद्यालयात अभियांत्रिकीला जागा मिळाली. ओबीसी असल्याने निम्मे शिक्षण शुल्क शासन भरणार होते. उरलेले निम्मे, वसतिगृह, मेस, पुस्तके मिळून वर्षाला लाखभर लागत. चार वर्षांचे चार लाख. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, तरी बाबा सातबारा घेऊनच बँकेत गेले होते. कर्ज मागायचे तर जमीन दाखवावी लागते, हेच त्यांना आयुष्यभर ठाऊक.

व्याज 11 टक्के. शिकत असताना आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नाही, एवढे ऐकून आम्ही निश्चिंत झालो. हप्ता थांबतो म्हणजे व्याजही थांबते, असे मला वाटले होते. ते थांबत नाही. दरवर्षी उचललेल्या लाखावर सरळ व्याज चढत गेले आणि ऑगस्ट 2020 पर्यंत 1 लाख 54 हजार झाले. चार लाखांचे साडेपाच लाख झाले, तेव्हा कुठे परतफेड सुरू झाली.

मला आजही सलते ते पुढचे. घरचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर शिकत असतानाचे आणि त्यापुढच्या एका वर्षाचे व्याज केंद्र सरकार भरते. ही योजना 2009 पासून आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला बँकेत द्यावा लागतो. तो दाखला आमच्याकडे होता. फी सवलतीसाठी तहसीलमधून काढलेला, नव्वद हजारांचा. महाविद्यालयात त्याची प्रत दिली, बँकेत दिली नाही. बँकेत कुणी मागितला नाही आणि आम्हाला माहीत नव्हते. चारही वर्षे तो माझ्या ट्रंकेतल्या प्लास्टिकच्या फाइलीत पडून होता. ते व्याज नसते तर हप्ता साडेपाच हजार आला असता. दहा वर्षांत फरक अडीच लाखांचा. पुढे तो दाखला हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. आईने विचारले तेव्हा सांगवले नाही.

कॅम्पसमध्ये निवड झाली तेव्हा पॅकेज 3 लाख 20 हजार. गावात पेढे वाटले. लाखांतला आकडा ऐकून शेजारच्यांनी बाबांना "आता सुटलात" म्हटले. पण पॅकेजमध्ये पीएफचा कंपनीचा वाटा असतो, ग्रॅच्युइटी असते, वर्षाअखेरीस मिळाला तर मिळणारा भत्ता असतो. हातात यायचे 21,800. त्यातून हप्ता गेला की चौदा हजार. टाळेबंदीत आईच्या हातचे जेवत होतो म्हणून निभावले. 2022 च्या सुरुवातीला पुन्हा महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला गेलो आणि खोलीभाडे, मेस, बस देऊन महिनाअखेर काहीच उरेना.

माझ्या बारावीच्या वर्गातला एक मित्र गोंदियातच बी.एस्सी. झाला. घरून ये-जा, फी नाममात्र, कर्ज शून्य. बुटीबोरीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागला, चौदा हजारांवर. म्हणजे हप्ता गेल्यावर मला उरायचे तेवढेच. हप्ता सुरू झाल्यावर आम्ही दोघे सारखेच होतो, उलट त्याच्या उशाला कर्ज नव्हते. 2022 च्या अखेरीस मी नोकरी बदलली, पगार दुपटीच्या जवळ गेला, तेव्हा पदवीने पहिल्यांदा मला पुढे नेले. अभियांत्रिकी फसवी आहे असे मी म्हणणार नाही. पण पगार सर्वांत कमी असतो तेव्हाच हप्ता मानगुटीवर असतो, आणि ती वर्षे कशी काढायची याचा विचार आमच्या घरात कुणी केला नव्हता. मीही नाही.

धाकटी बहीण 2024 मध्ये बारावी झाली. तिला संगणक अभियांत्रिकी हवी होती. त्याच जुलैमध्ये शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले. मी सुट्टी काढून आलो आणि सर्वांत आधी तिला घेऊन गोंदियाच्या तहसीलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलो. दाखल्याच्या चार प्रती काढल्या.

संध्याकाळी देवळाकडच्या रस्त्याने घरी परतलो. बाबा ओट्यावर बसले होते. मी वही काढली. फी नाही, पण वसतिगृह आणि मेसचे वर्षाला साठ हजार धरावे लागतील, असे सांगितले. कर्ज नको, निम्मे मी पाठवीन, हेही सांगितले. बाबांनी निम्म्याचे ऐकलेच नाही बहुतेक.

"हमीभाव किती आहे औंदा?"

"2,300."

ते मनाशी आकडेमोड करत राहिले. बहीण माझ्याकडे पाहत होती.

"सव्वीस क्विंटल," ते म्हणाले. "तेवढं निघते आपल्या बांधीतून."

मग उठून ते नांगरटीचे विचारायला ट्रॅक्टरवाल्याकडे गेले.