उत्तर येईपर्यंत

अपंगत्वाचा स्वीकार मोजायची एक मोजपट्टी आहे. डोनाल्ड लिंकोव्स्की या अमेरिकन अभ्यासकाने ती १९७१ साली तयार केली. ५० विधानं, आणि प्रत्येकापुढे ‘अजिबात पटत नाही’पासून ‘पूर्ण पटतं’पर्यंत सहा पर्याय. २००७ मध्ये ती आटोपशीर झाली. ३२ विधानं आणि चार पर्याय उरले. शेवटी सगळ्या खुणांची बेरीज करायची आणि माणसाने आपलं अपंगत्व किती पत्करलंय ते आकड्यात सांगायचं.

या पट्टीचं मूळ मात्र दुसऱ्या महायुद्धात आहे. तमारा डेम्बो, बिअट्रिस राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धात जायबंदी झालेल्यांशी बोलून एक विचार मांडला. गेलेल्यापेक्षा उरलेलं मोठं वाटू लागणं, देहाच्या रूपाला आणि ताकदीला पहिला मान न देणं, एका अवयवाची उणीव सगळ्या आयुष्यावर पसरू न देणं, आणि दुसऱ्याशी तुलना सोडून आपल्याजवळ आहे त्याचं मोल करणं, या चार वाटांनी माणूस सावरतो, असं त्यांनी म्हटलं. मला हा विचार फार आवडतो. त्यात दया नाही, माणसावरचा विश्वास आहे.

पण ज्याचा पाय गेला, त्या सैनिकाला पाय असतानाचं आयुष्य आठवतं. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे सीपीत, मेंदूला इजा होते ती पोटात असताना, जन्मताना किंवा अगदी लहानपणी. तिथे ‘आधीचा मी’ कुठून आणायचा?

माझ्या मावसबहिणीला, आमच्या ताईला, सीपी आहे. तिचे हातपाय आणि मान तिच्या मनाजोगी हलत नाहीत. काही बोलायचं ठरवलं, की आधी सगळं अंगच बोलायला निघतं. मान मागे जाते, बोटं फाकतात, शब्द घशात अडकतो. म्हणून खुर्चीच्या ट्रेवर अक्षरांचा बोर्ड असतो आणि उजव्या हाताच्या मुठीने ती एकेक अक्षर दाखवते. कॉलेजातली एक मुलगी प्रबंधासाठी अशीच प्रश्नावली घेऊन घरी आली होती. मावशी शेजारी मेथी निवडत बसलेली. मुलीने पहिलं विधान वाचलं. ताईचं अंग उत्तराच्या तयारीला लागलं, तोवर मावशी म्हणाली, “हो लिही गं, तिचं काही म्हणणं नसतं.” ताईची टाच खुर्चीच्या पायटेकावर आपटली. मूठ बोर्डावर फिरत राहिली. म, ला, वि, चा, र.

मावशीने मेथी बाजूला ठेवली आणि उठून आत गेली. रागाने नव्हे. तिने इतकी वर्षं या लेकीची तहान, भूक, ताप, सगळं न सांगता ओळखलंय. मध्ये न बोलणं तिला जड जातं.

पुढचं एक विधान होतं ते अपंगत्वामुळे आयुष्यातल्या मोलाच्या गोष्टी हातातून गेल्या, अशा अर्थाचं. मुलगी थांबली. ताईची मूठ दोनदा घसरली, पुन्हा जागेवर आली. तिने लिहिलं, “कधी होत्या?” त्या उत्तराला सहा चौकटींपैकी एकीतही जागा नव्हती. मुलगी शहाणी होती. तिने समासात ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले.

उत्तर कोण देतं, याने किती फरक पडतो हे युरोपातल्या ‘स्पार्कल’ अभ्यासात दिसलं. सात देशांतली सीपी असलेली ८ ते १२ वर्षांची ८१८ मुलं. त्यांतल्या ५०० जणांनी स्वतः उत्तरं दिली. २००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. आपल्या आयुष्याबद्दल ही मुलं जवळपास सगळ्या बाबींत इतर मुलांइतकीच समाधानी होती. त्यांच्या आईवडिलांनी मात्र बहुतेक बाबतींत त्यांचं आयुष्य मुलांनी सांगितलं त्यापेक्षा खालचं मानलं. आणि एक गोष्ट सगळीकडे मुलांचं समाधान खाली ओढत होती: अंगदुखी. ज्यावर औषध, व्यायाम, नीट बसायची खुर्ची असे उपाय करता येतात, तीच अंगदुखी! तिला ‘अस्वीकार’ समजून समुपदेशन करत बसलं, तर तो त्या मुलावर अन्याय आहे.

पुढे वय वाढतं. मेंदूतली इजा वाढत नाही, पण तिच्यासोबत जगणारे सांधे आणि स्नायू झिजतात. वॉकरवर घरभर फिरणारी ताई तिशीच्या आसपास खुर्चीत आली, ती कायमची. तेव्हा तिच्याजवळचं काहीतरी खरोखर गेलं. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहणं गेलं. सैनिकांसाठी विणलेला तो विचार तेव्हा तिलाही लागू झाला. एकदा भरून घेतलेल्या प्रश्नावलीत हे येत नाही. पत्करणं एकदाच होऊन संपत नाही, दर काही वर्षांनी शरीर नवा हिशेब पुढे टाकतं.

शरीरासारखंच शहरही हा हिशेब बदलतं. सीपी असलेल्या मालिनी चिब मुंबईच्या. त्यांच्या आई मिथू अलूर यांनी ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ उभी केली. एका बोटाने टंकून मालिनीताईंनी ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन लिहिलं. विजेच्या खुर्चीवरून एकटीने फिरायची मोकळीक त्यांना लंडनमध्ये मिळाली. बाई तीच, शरीर तेच. तीच प्रश्नावली दोन्ही शहरांत भरली असती, तर आकडा सारखा आला असता का? मला नाही वाटत. आपल्याकडे दाखल्यावर अपंगत्वाची टक्केवारी असते, ४० टक्क्यांपासून सवलती मिळतात. जिना, फूटपाथ, शाळेचं दार आणि शेजारी यांनी त्या माणसाला किती टक्के पत्करलंय, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

मोजू नका असं मी म्हणत नाही. मोजल्याशिवाय दुखणंही दिसत नाही आणि पैसाही मंजूर होत नाही. प्रश्नावली घेऊन जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एवढीच विनंती: आईला बाहेर बसायला सांगा, दुखतंय का ते आधी विचारा, समास मोठा ठेवा. आणि मान मागे गेली, शब्द अडकला, तर पुढच्या विधानाकडे वळू नका. थांबा. उत्तर येतंय.