भिंतीच्या पोटातलं कपाट

मांजरसुंब्याच्या चौकातून एक रस्ता घाट उतरून बीडला जातो, एक चौसाळ्याकडे, एक पाटोद्याला आणि एक नेकनूरवरून केजला. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या या गावाभोवती गेल्या काही वर्षांत स्लॅबची घरं वाढली आणि त्यांच्याबरोबर एक नवीनच गोष्ट आली: रिकामी खोली. मुलगा पुण्याला नोकरीला, मुलगी लातूरला क्लासला, आणि त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत एक पलंग, एक ट्रंक आणि छातीएवढी वाकळांची चळत. दिवाळीचं रंगकाम काढलं की कुणीतरी म्हणतंच, “इथं भिंतीतलं कपाट करून टाकू.” माझ्यासारख्या घरं आतून सजवणाऱ्यांची कामं या एका वाक्यावर चालतात.

वाक्य सोपं आहे, पण त्यातली ‘भिंत’ आता उरलेली नाही.

इथल्या बालाघाटाच्या डोंगरातल्या जुन्या माळवदाच्या घरात कपाट वेगळं करावं लागत नसे. दगडमातीची भिंत दोन-अडीच फूट जाड. तिच्यात दिव्याला देवळी, तांब्या-पेल्याला कोनाडा, दोन फळ्यांची दारं लावलेलं फडताळ, आणि धान्याला तर भिंतीतच चिणलेलं बळद. भिंतीची जाडी हीच घराची साठवण होती. सुतारानं फक्त चौकट आणि दार द्यायचं, बाकी सगळं गवंड्याचं काम.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि मराठवाड्याचं या भिंतीवरचं प्रेम संपलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत माणसं मेली ती मुख्यतः याच भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीच्या ओझ्याखाली. दगड गोलसर, जोडायला नुसती माती, आणि भिंतीचे आतले-बाहेरचे थर एकमेकांना बांधून ठेवणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या पट्ट्यात होता. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा तो पहिला पट्टाच काढून टाकण्यात आला. लोकांनी नकाशाची वाट पाहिली नाही. ज्याला जमलं त्यानं वीट, सिमेंट आणि स्लॅब जवळ केला. दोन फुटांची भिंत नऊ इंचांवर आली, आतली तर चार इंचांवर.

नऊ इंचांत कपडे मावत नाहीत. हँगरच सतरा-अठरा इंच रुंद असतो. त्यामुळे आजचं ‘भिंतीतलं कपाट’ भिंतीत नसतंच, ते खोलीत पुढं आलेलं खोकं असतं. तरीही एखादा मालक गवंड्याला सांगतो, “चार इंच आत कोर, तेवढीच जागा वाचेल.” घर खांब-तुळयांच्या सांगाड्यावर उभं नसेल, भिंतच स्लॅब पेलत असेल, तर नऊपैकी चार इंच कोरणं म्हणजे ती भिंत त्या जागी अर्धी करणं. किल्लारी पाहिलेल्या मुलखात हे सांगावं लागतं, याचं नवल वाटतं.

आता खोक्याची खोली किती? कॅटलॉग सांगतं चोवीस इंच. शहरातल्या हँगरवर टांगलेल्या कपड्यांसाठी ते ठीक. पण दहा फुटांच्या खोलीतून दोन फूट गेले की उरतात आठ. पलंग सव्वासहा फुटांचा आणि पायथा कपाटाकडे, तर मध्ये राहतात एकवीस इंच. अठरा इंचांचा पल्ला उघडला की माणसाला उभं राहायला तीन इंच! मग सरकती दारं येतात, ती रुळांसाठी आणखी दोन-तीन इंच खातात, आणि एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. याउलट लग्नात आंदण आलेलं लोखंडी कपाट बघा. गोदरेजनं १९२३ साली पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली, आणि आज गावोगावी जी कपाटं वेल्डिंगच्या दुकानात तयार होतात ती बहुतेक त्याच मापाच्या आसपास असतात: साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, एकोणीस इंच खोल. या एकोणीस इंचांत एका कुटुंबाचं सगळं राहतं. टांगायचे कपडे थोडे असतील तर नवीन कपाटही अंगासकट वीस इंचांवर भागतं.

पण खोली रिकामी असली तरी पाहुण्यांची आहे, हे नकाशा काढणारा विसरतो. अधिकात जावई धोंड्याच्या जेवणाला येतात, घरचं लग्न निघालं की वीस माणसं झोपायची असतात, कार्तिकी पौर्णिमेला जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा असते. तेव्हा या कपाटाची खरी मालकीण वाकळ आहे, शर्ट नव्हे. जाड वाकळेच्या घडीला दीड फुटाच्या वर खोली लागते आणि दहा वाकळांच्या वजनानं तीन फुटांची फळी मधूनच लवते. म्हणून अंथरुणाचा कप्पा सर्वांत खाली, उंची अडीच फुटांच्या आसपास, मध्ये उभा आधार, आणि कुठलीही फळी दोन-सव्वादोन फुटांहून लांब नको. पैठणीसारखी जरीची साडी टांगू नये, सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवावी आणि घडीवर जर तुटते म्हणून अधूनमधून घडी बदलावी. तिच्यासाठी डोळ्याच्या उंचीवर एक उथळ कप्पा पुरतो.

प्लाय की कडप्पा, हा वाद इकडे कायम असतो. कडप्प्याला वाळवी लागत नाही, पाणी लागत नाही, आणि एकदा बसवला की नातवापर्यंत बघायला नको. अडचण वजनाची. तीन बाय दोन फुटांची इंचभर जाडीची एक फरशी अडतीस किलोच्या आसपास भरते. एकोणीस मिलिमीटर प्लायचा आठ बाय चारचा अख्खा पत्रा साधारण तेवढाच. सहा फुटी कपाटात दहा फरश्या आणि मधला उभा तुकडा धरला तर रिकामंच कपाट साडेचारशे किलोच्या पुढं जातं, तेही बारा चौरस फुटांच्या जागेवर. राहत्या खोलीचा स्लॅब मानकानुसार चौरस मीटरला दोनशे किलो चलभार धरून केलेला असतो, आणि बारा चौरस फूट म्हणजे सव्वा चौरस मीटरही नाही. तळमजल्यावर खुशाल कडप्पा लावा. वरच्या मजल्यावर लावायचाच तर खाली तुळई किंवा भिंत कुठं आहे ते आधी पाहा. फरशीचं टोक भिंतीत खोचायला खाच लागते, आणि चार इंची भिंतीत ती मारली की पलीकडच्या खोलीतलं प्लास्टर सुटतं.

माझी पसंती मिश्र कामाला. खाली चार इंच विटांचा ओटा, त्यावर एकच कडप्पा, आणि मग वर प्लायचं कपाट. पुसायचं पाणी आणि वाळवी, दोघांचीही वाट तिथंच बरीचशी अडते. प्लायवर आयएस ७१० हा शिक्का असेल तर तो मरिन दर्जाचा, आयएस ३०३ असेल तर साधा. ओल येणाऱ्या भिंतीला पैसे वाचवू नयेत, कोरड्या भिंतीला वाया घालवू नयेत.

मापात सगळ्यात जास्त गंमत होते. दोन भिंतींमधलं अंतर खाली सहा फूट, छताजवळ पाच फूट साडेअकरा इंच. कारण ओळंबा धरून भिंत चढवलेली असते असं नाही, आणि कोपरा गुण्यात असतो असं तर मुळीच नाही. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फूट, दुसऱ्यावर चार फूट खूण करावी. तिरपं अंतर बरोबर पाच आलं तर कोपरा सरळ. कपाट सर्वांत कमी मापाला बनवायचं आणि उरलेली फट पट्टीनं झाकायची. हुशार सुतार पट्टी रुंद ठेवतो आणि जागेवर भिंतीच्या वळणाप्रमाणे रंधा मारतो. घाईतला सुतार पुट्टी भरतो, ती पहिल्या उन्हाळ्यात सुटते.

बीड जिल्ह्यातली शेकडो गावं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात आणि घरं पाच-सहा महिने कुलपात राहतात. अशा घरातलं कपाट वापरातल्या कपाटापेक्षा लवकर खराब होतं. उजेड नाही, वर्दळ नाही, वाळवीला मोकळं रान. उपाय आधी करायचा असतो: भिंत आणि फरशी जिथं मिळतात तिथं ओळीनं भोकं पाडून औषध सोडायचं. कपाट बसल्यावर तो कोपरा हाताला लागत नाही. वायरीसाठी ठेवलेली भोकं सिमेंटनं बंद करायची, नाहीतर उंदीर वाकळेतच बाळंत होतो. आणि पाठीच्या फळीला वर-खाली दोन जाळीची भोकं ठेवून भिंतीपासून बोटभर अंतर सोडायचं, म्हणजे आतली हवा खेळते. ही भोकं सुतार नेमकी विसरतो, कारण मोबाइलवर दाखवलेल्या फोटोत ती कधीच दिसत नाहीत.