रात्रीचा पाहुणा

मालवणच्या बाजूला कुणाकडे उतरलात, तर तिन्हीसांजेला परसदारी जाऊन बसावे. दिवे लागण्याआधीच कोंबड्या खुराड्याकडे वळतात. अंधारात त्यांना फारसे दिसत नाही, आणि हे त्यांच्या वैऱ्यांना पक्के ठाऊक असते! रात्री माडावर सळसळ झाली, की बहुधा उदमांजर समजावे. पिकली फळे हे त्याचे मुख्य खाणे. उंदीरही मारते बिचारे. पण खुराड्याची फळी सैल सापडली, की कोंबडी गेलीच. मुंगसाचे भय दिवसा, बिबट्याचे क्वचित. याचे मात्र रोजचे.

आमच्या यजमानीणबाईंच्या तीन तलंगा एका पावसाळ्यात अशाच गेल्या. अंड्यांच्या पैशांत नातीच्या वह्या येतात, तेव्हा नुकसान लहान नव्हे. शेजाऱ्याने विष घालायला सुचवले. १९७२ च्या कायद्याने या प्राण्याला संरक्षण आहे, हे बाईंच्या गावीही नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, "तो येतलोच, मास्तरानू. दार आपण लावूक होया."

खुराडे उंचावर नेऊन उपयोग नाही. चढण्यात तो पटाईत. म्हणून बाईंनी फटींवर बारीक जाळी ठोकून घेतली. आता निजण्यापूर्वी विजेरी घेऊन त्या कोंबड्या मोजतात. माडावर सळसळ चालूच असते, आणि बाई पुटपुटतात, "नऊ, दहा, अकरा..."