राजवाड्याच्या मैदानावरील कंबळ

नोकरीनिमित्त बंगळुरास स्थायिक झालेल्या मला कंबळ केवळ वर्तमानपत्रांतूनच ठाऊक होते. परंतु तुळुनाडूच्या भातखाचरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रेड्यांची ही शर्यत २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस राजधानीत, राजवाड्याच्या मैदानावर, प्रथमच भरणार असल्याचे जाहीर झाले, तेव्हा पुणे जिल्ह्यातील बैलगाड्यांचे घाट लहानपणापासून पाहिलेल्या माझे पाय आपसूकच तिकडे वळले.

मैदानात चिखलपाण्याच्या दोन समांतर धावपट्ट्या सिद्ध केल्या होत्या, आणि सह्याद्रीचा घाट चढून मालमोटारींतून आणलेल्या जोड्या मांडवाखाली विसावल्या होत्या. एका वृद्ध मालकाशी मी मोडक्यातोडक्या कानडीत बोललो. रेड्याच्या मानेला तेल चोळता चोळता तो म्हणाला, "आमच्या घरी यांचे कुळीथ शिजल्यावाचून कोणी पानावर बसत नाही." त्याचा तळहात त्या काळ्याभोर कातडीवर ज्या मायेने फिरत होता, ती पाहिल्यावर त्याच्या वात्सल्याविषयी शंका घेणे मला अधर्म्य वाटले, आणि आजही वाटते.

परंतु जोडी सुटली, चिखलाचे फवारे उडाले, मागून धावणाऱ्याने वेत उगारला, आणि माझे लक्ष रेड्यांच्या विस्फारलेल्या डोळ्यांवर खिळले. तो वेत पाठीवर पडला की नाही, हे मला दुरून दिसले नाही. पण उगारलेला वेत रेडा ओळखतो, आणि ती ओळख त्याला कशाने झाली असेल, हे समजण्यास जवळ जाण्याची आवश्यकता नव्हती. घर्मग्रंथी अल्प असल्याने पाण्यात डुंबून अंग निववणारे हे मंदगती जनावर स्वसंतोषाने वेगाच्या मागे लागत नाही. त्याला धावावयास लावावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यतींना मनाई करताना प्राण्यांच्या ज्या पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख केला, त्यांत भूकतहानेपासून मुक्तता आहे, तशीच भीती व क्लेश यांपासूनही आहे. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांनी, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्त्या करून शर्यतींना मुभा देण्याची तजवीज केली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्या वैध ठरविल्या. माझ्या जन्मभूमीची आणि कर्मभूमीची शर्यत अशी एकाच निकालाने कायदेशीर झाली. निकाल मला शिरसावंद्य आहे. तथापि कायद्याची मंजुरी मिळाली म्हणून रेड्याची भीती ओसरत नाही.

रेड्याच्या पाठीवर ओढलेल्या आसुडाचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, अशी कथा सांगणारा आणि जुन्नर तालुक्यात आळे येथे त्या रेड्याची समाधी पूजणारा आपला समाज या प्रश्नावर मौन पाळू शकत नाही. मुक्या जिवाची वेदना ही आपलीच वेदना, हा त्या कथेचा अर्थ जर आपण मानत असू, तर प्रेम किती आहे हे मालकास विचारून भागणार नाही; जनावरास त्यापासून काय भोगावे लागते, हे पाहावे लागेल.

म्हणून माझे मागणे परंपरेच्या उच्छेदाचे नाही. मारण्याच्याच नव्हे, तर धाक दाखविण्याच्या साधनांनाही मैदानात पूर्ण मज्जाव असावा. दूरच्या वाहतुकीवर मर्यादा असावी. आणि थकलेली वा बिथरलेली जोडी माघारी पाठविण्याचा पशुवैद्याचा हुकूम आयोजकांच्या इच्छेहून वरचढ मानला जावा. एवढे पाळूनही शर्यत रंगत असेल तर ती अवश्य रंगो. पण वेत खाली ठेवताच जनावर थांबत असेल, तर त्याने आपले मत दिले आहे असे समजून शर्यत बंद करण्याचे धैर्य त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच प्रथम दाखवावे.