वाळलेली फांदी

निवृत्त झाल्यापासून अंबाजोगाईच्या आमच्या घराच्या परसात रोज सकाळी बसण्याचा मला छंद जडला आहे. त्या वर्षी फाल्गुन लागला होता. हिवाळाभर मोरीच्या ओलीवर शेपटी हालवीत हिंडणारा धोबी पक्षी उत्तरेकडे परत गेला होता आणि बालाघाटावरून येणाऱ्या वाऱ्यातील बोचरेपणाही ओसरला होता.

परसातील शेवग्याची एक फांदी पार वाळून गेली होती. ‘निर्जीव लाकूड कशाला ठेवायचे?’ असे म्हणून मी कुऱ्हाड काढली. तोच शेंड्यावरून ‘टुक्, टुक्, टुक्’ असा नाद आला; जणू कोणी तांब्याच्या पत्र्यावर हातोडी मारीत होते! तो तांबट पक्षी होता. त्याची चोच मिटलेली होती. पिवळा गळा मात्र फुगत होता. वाळलेल्या फांदीच्या खालच्या अंगास एक वाटोळे भोक होते. त्यातून त्याच्या जोडीदाराचे लाल कपाळ डोकावले. ज्या फांदीला मी निर्जीव समजत होतो, तिच्यात एक संसार थाटला जात होता!

मी ओशाळलो. ‘आधी नीट पाहा, मग उत्तर लिहा,’ असे मी जन्मभर विद्यार्थ्यांना सांगत आलो. आणि स्वतः मात्र न पाहताच निकाल देऊन मोकळा झालो होतो.

कुऱ्हाड मी परत ठेवून दिली. नरमादीने आळीपाळीने अंडी उबविली, वडा-उंबराची फळे आणून पिलांना भरविली. पुढे एके दिवशी पिले उडून गेली.

मुलांनो, ती फांदी मी अजून तोडलेली नाही.