अर्थ सांगणारी माणसं

आमच्या घरात गाणं ऐकून संपत नसे. रेडिओवरचं शेवटचं कडवं विरलं की बाजेवरून कुणीतरी विचारायचं, "आता सांगा, का म्हणते हे?" मग अर्धा तास त्या एका गाण्यावर जायचा. १९७० आणि ८० च्या दशकांत अमरावतीच्या परकोटात, अंबागेटच्या आतल्या मोठ्या घरांतून वाढलेल्या आम्हा चुलत, आते, मामे भावंडांना कविता अशी भेटली. चाल आधी, शब्द मागून, आणि अर्थ सगळ्यात शेवटी, तोही घरातल्या कुणाच्या तरी तोंडून.

ही सवय घरात आणली आजीनं. तिचं माहेर मोझरीच्या वाटेवरचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी तिनं लहानपणी प्रत्यक्ष ऐकलेली, गुरुकुंजातल्या सामुदायिक प्रार्थनेला बसलेली. गाडगेबाबांचं कीर्तनही तिला आठवत असे. बाबा एकटेच बोलत नसत, समोरच्या लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर वदवून घेत. आजीची रीत तीच. 'या झोपडीत माझ्या' म्हणताना ती प्रत्येक कडव्यानंतर थांबायची आणि आमच्यातल्या एखाद्याकडे बोट करायची, "सांग रे, महालात का नाही अन् झोपडीत का हाय?" कुणी म्हणायचं शांती, कुणी म्हणायचं झोप. दोन्ही उत्तरं तिला चालायची. "काही नाही" हे मात्र चालायचं नाही. गाणं ऐकलं आणि त्यावर बोलायला तुमच्याकडे काही नाही, याचा अर्थ तुम्ही ऐकलंच नाही, असं तिचं ठाम मत होतं. ते आजही मला पूर्ण पटतं.

उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायचं, बाजा टाकायच्या, उशाशी ट्रान्झिस्टर. 'आपली आवड' लागलं की काकाजी वही उघडत. काकाजी म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, कॉलेजात मराठी शिकवायचे. गाण्याचं पुस्तक प्रत्येक घरी असायचं नाही, तेव्हा शब्द कानानंच पकडायचे. पहिली ओळ मोठ्या बहिणीनं लिहायची, दुसरी मी, तिसरी चुलतभावानं. जे ऐकू आलं नाही तिथे टिंबं. तेच गाणं पुन्हा लागेपर्यंत ती टिंबं तशीच राहत, आणि तोवर त्या जागी काय असेल यावर पैजा लागत. आज शब्द एका क्षणात समोर येतात, ते बरंच आहे. पण त्या रिकाम्या जागी आम्ही जे जे शब्द बसवून पाहिले, त्यातून कवीनं नेमका तोच शब्द का घेतला असेल हे कळायला लागलं.

आणि त्या वहीतली निम्मी पानं ज्या कवीची होती, तो आमच्याच गावचा. सुरेश भट १५ एप्रिल १९३२ ला अमरावतीत जन्मले. वडील डॉक्टर, आईला कवितेचा नाद. अडीच वर्षांचे असताना पोलिओनं उजवा पाय गेला. 'रूपगंधा' १९६१ मध्ये आलं, 'रंग माझा वेगळा' १९७४ मध्ये, 'एल्गार' १९८३ मध्ये. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली आणि लता, आशा यांचे आवाज लाभल्यावर ते सगळ्या महाराष्ट्राचे झाले, पण आमच्या गल्लीत त्यांचा उल्लेख 'आपले भट' असाच व्हायचा. त्यामुळे त्यांच्या गझलेचा अर्थ लावण्यात प्रत्येकाला हक्क वाटायचा. त्यांच्या ओळीत 'मी' आला की वडील म्हणत, हा त्यांचा पाय, हे त्यांचं सोसणं. काकाजी म्हणत, "दादा, गझलेतला मी हा कवी नसतो. तो तूही असशील." हा वाद घरात वर्षानुवर्षं चालला, आणि मला वाटतं दोघांचंही खरं होतं.

सगळ्यात मोठा मतभेद झाला तो 'तरुण आहे रात्र अजूनी'वरून. आशाबाईंचा आवाज आणि ती संथ, अंगावरून सरकत जाणारी चाल. वरवर पाहता ही एका स्त्रीनं रात्री जोडीदाराला घातलेली साद आहे. पण मराठी घरांत या गाण्याबरोबर एक गोष्ट दूरवर फिरत होती, अजूनही फिरते. ही सैनिकाची बायको आहे, समोर त्याचं पार्थिव आहे आणि ती त्याच्याशीच बोलते आहे. कुणी ६५ चं युद्ध म्हणे, कुणी ७१ चं. आमच्या घरी ही गोष्ट आत्याबाईंनी आणली. त्या सांगत तेव्हा एकेक शेर नव्यानं उलगडायचा. प्रत्येक शेर प्रश्नावर थांबतो आणि उत्तर कधीच येत नाही, हे पहिल्यांदा त्यांनी दाखवलं. कूस बदलणं, निजणं, मिटणं ही सगळी झोपेची क्रियापदं, पण ती आयुष्य संपल्याचीही होऊ शकतात, हेही त्यांनीच.

काकाजींना ही गोष्ट मान्य नव्हती. त्यांच्या मते गझलेत सैनिक कुठेच नाही, युद्ध नाही, गणवेश नाही. आहे ती कोजागिरी, रातराणी, गार वारा. हा अस्सल शृंगार आहे, आणि मराठी माणसाला बाईच्या तोंडचा शृंगार सरळ ऐकवत नाही म्हणून त्यावर मरणाची चादर घातली, असं ते आम्हाला सांगत. आम्हालाच सांगत. आत्याबाई समोर असताना त्यांनी हा मुद्दा एकदाही काढला नाही. आत्याबाई पंचविशीच्या आत विधवा होऊन माहेरी आल्या होत्या. नवऱ्याबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. त्या बोलल्या ते या गाण्याबद्दल.

हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमच्या मोठ्या माणसांना स्वतःबद्दल बोलायची सवय नव्हती. सुख सांगणं दिखाऊ वाटे, दुःख सांगणं हलकं. पण दुसऱ्याच्या गाण्याचा अर्थ सांगायला बसलं की जीभ सैल व्हायची. आज काकाजींचं म्हणणं मला मजकुराला धरून वाटतं, तो शृंगारच आहे. तरीही ते गाणं लागलं की मला आत्याबाईंचाच आवाज ऐकू येतो, आणि कवितेनं एवढी जागा ठेवली म्हणून मी भटांचा ऋणी आहे.

'उषःकाल होता होता'चं तसंच झालं. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' १९७९ चा, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, त्यात हे गाणं आहे. वडिलांनी ७७ साली आणीबाणी उठल्यावर पेढे वाटले होते. ७९ च्या जुलैत जनता सरकार पडलं, आणि त्यांच्या दृष्टीनं हे गाणं त्या दोन वर्षांचा हिशेब होतं, त्यात दुसरं काही शोधू नये. दर्यापूरकडचे मामाजी मात्र सणावाराला आले की ऐकत आणि म्हणत, "हे तर आमच्या कापसाचं गानं हाय." एकाधिकार खरेदीत कापूस घालायचा, चुकाऱ्याची वाट पाहायची, हाती येईतो सावकाराचं व्याज पुढे गेलेलं. पुढच्या दशकांत वऱ्हाडात शेतकऱ्यांच्या आत्महत्या सुरू झाल्या तेव्हा मामाजींचाच अर्थ खरा होत गेला. त्यांनी ती ओळ मोठ्यानं म्हणणं मग सोडून दिलं.

एक गोष्ट आम्हाला सांभाळून शिकवली गेली. गझलेचा प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. मतल्यानं, म्हणजे पहिल्या शेरानं, जमीन आखून दिली, काफिया म्हणजे यमक आणि रदीफ म्हणजे त्यामागून तसाच येणारा शब्द ठरले, की पुढचा प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा. एक प्रेमाचा, दुसरा राजकारणाचा, तिसरा मरणाचा असू शकतो. भटांची 'गझलेची बाराखडी' ही छोटी पुस्तिका काकाजींकडे होती, तिच्या कडा हाताळून काळ्या पडल्या होत्या. ती समजल्यावर "हे गाणं कशाबद्दल आहे?" हा प्रश्नच आम्ही बदलला. आता विचारायचं, हा शेर कशाबद्दल आहे? आत्याबाई आणि काकाजी एकाच गझलेत वेगवेगळ्या खोल्यांत राहत होते, भांडायचं कारणच नव्हतं.

मोर्शी तालुक्यातल्या आष्टगावचे भीमराव पांचाळे गायला बसले की हे डोळ्यांसमोर घडायचं. ते शेराचा पहिला मिसरा, म्हणजे पहिली ओळ, गात, पुन्हा गात, तिसऱ्यांदा वळण बदलून गात, आणि दुसरा मिसरा देतच नसत. श्रोते मनात तो पूर्ण करायला लागत. मग खरा मिसरा आला की मैफिलीत एकदम दाद उठे, कारण प्रत्येकानं मनात योजलेला शेवट त्यानं मोडलेला असे. अर्थ लावणं म्हणजे काय, हे मी यापेक्षा चांगल्या रीतीनं कुठे शिकलो नाही.

इंग्रजी गाणी घरात आली ती इंजिनीअरिंग कॉलेजच्या होस्टेलमधून, चुलतभावाच्या कॅसेटबरोबर. बोनी एम.चं 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' १९७८ चं, त्यावर आम्ही गणपतीच्या मांडवात नाचलो. शब्द कुणाला कळत नव्हते, म्हणून वही उघडली, टिंबं टाकली. शेजारच्या कॅम्प भागातल्या एका ख्रिस्ती बाईंनी, त्या बहिणीच्या शिक्षिका, ते वाचलं आणि बायबलमधल्या स्तोत्रसंहितेचं १३७ वं स्तोत्र काढून दिलं. बाबेलच्या नद्यांकाठी बसून आपला देश आठवून रडणाऱ्या निर्वासितांचं ते गाणं. ज्यांनी त्यांना बंदी केलं तेच त्यांना गा म्हणतात, आणि ते विचारतात, परक्या भूमीत कसं गाणार? पुढे कळलं की बोनी एम.च्या आधी १९७० मध्ये जमैकातल्या मेलोडियन्सनी ते केलं होतं, आणि तिथल्या रास्ताफारी लोकांना बाबेल म्हणजे त्यांना गुलाम करून आणणारी सत्ता. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग नाचता कायले? बसून म्हना." त्या वर्षी मांडवात शेवटच्या दिवशी आम्ही ते खरोखर बसून म्हटलं, मोडक्या इंग्रजीत, टाळ घेऊन.

'हॉटेल कॅलिफोर्निया'वर होस्टेलात रात्री जागून वाद झाले. सैतानाचं देऊळ, वेड्यांचं इस्पितळ, नशा, सगळं झालं. ते गाणारा डॉन हेन्ली मुलाखतींत सांगत आला की ते अमेरिकेतल्या अतिरेकाबद्दल आहे, निरागसता सुटण्याबद्दल आहे. हे वाचून भाऊ जरा निराश झाला. मला ते साधं उत्तर आवडलं.

नागपूरच्या ग्रेसांच्या कवितेपुढे मात्र सगळ्यांचेच हात टेकत. 'महाश्वेता' मालिकेला 'भय इथले संपत नाही' लागायचं आणि बहुतेक घरांनी त्या भयाचा अर्थ मालिकेतल्या कोड झालेल्या नायिकेवरून ठरवून टाकला. कविता आधीची, तिला त्या कथेशी देणंघेणं नाही, हे काकाजी सांगून थकले. पण शेजारच्या घरात कोड असलेली एक मुलगी होती. ती ते गाणं रोज आवाज मोठा करून ऐकायची. तिच्यापुढे काकाजींची वही बंद राहायची.

आई या सगळ्यात कधी बोलली नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची, हात कणकेचे. १९८२ साली 'उंबरठा' आला. स्मिता पाटीलची सुलभा महाजन घर सोडून महिला सुधारगृहाच्या नोकरीवर जाते. आई आणि आत्याबाई दोघी मिळून टॉकीजला जाऊन आल्या. त्या रात्री गच्चीवर काकाजी त्यातलं 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' समजावून सांगायला लागले. विरह, दूर गेलेलं माणूस, आठवणीची चांदरात. त्यांचं अर्धं सांगून झालं असेल, तेवढ्यात आई म्हणाली, "भाऊजी, थांबा. हे मी सांगते."

ती म्हणाली की या बाईचं दुसरं कुणी गेलेलं नाही. ती ज्याला 'तू' म्हणते ती ती स्वतःच आहे, लग्नाआधीची, शिकणारी, पुढं काहीतरी करणार असलेली. मैफिल सुनी आहे ती तिच्यावाचून. नवरा घरात आहे, पोर आहे, सासू आहे, सगळे आहेत, फक्त ती एकटी नाही तिथं. ती इतकं बोलली आणि वडिलांनी विचारलं, "तुला असं वाटते?" ती म्हणाली, "गाण्यात आहे. तुम्ही बघा."

आम्ही वही काढून एकेक शेर त्या नजरेनं वाचला. काही शेर तिच्या अर्थाला सहज जुळले, एक-दोन अडले. काकाजी म्हणाले, वहिनी, मतला तुमच्या बाजूनं आहे. पुढच्या जूनमध्ये आईनं बी.एड.ला नाव घातलं. अडलेल्या त्या शेरांवर माझं आणि बहिणीचं फोनवर अजूनही जमत नाही. तिचं म्हणणं तिथं 'तू' म्हणजे नवराच. मी आईच्या बाजूचा आहे.