लाल दिव्यापुढची लाल पट्टी

मलमाची ट्यूब मशीनमध्ये शिरते ती डोक्यावर उभी राहून. टोपण खाली, शेपूट वर, आणि शेपूट उघडी. मलम टोपणाकडून भरत नाहीत, या उघड्या शेपटीतून भरतात. मग शेपूट दाबून चपटी करायची, तिच्या घड्या घालायच्या आणि घडीवर बॅच नंबर नि एक्स्पायरी ठोकायची. पाहुण्यांना हे सांगितलं की हमखास कुणीतरी उठून मोरीतली ट्यूब घेऊन येतं आणि उलटसुलट करून बघतं.

मी नाशिकला, अंबडच्या एमआयडीसीत, औषधांच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मूळचा आयटीआय फिटर. बॉयलर सोडला तर तिथल्या जवळजवळ सगळ्या मशिनींना माझे हात लागलेत, पण नाव विचारलंत तर लोक मला ‘ट्यूबवाला’ म्हणूनच ओळखतात.

गोल ट्यूबला पुढची बाजू नसते. ती येते दाबल्यावर. कुठे दाबायचं हे चुकलं की औषधाचं नाव बरोबर कडेवर मोडतं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. आमच्या पॅकिंगच्या बायका अशा ट्यूबला ‘तिरळी’ म्हणतात. तिरळी ट्यूब आतून शंभर टक्के चांगली असते, मलमही तेच, वजनही तेवढंच. पण अ‍ॅल्युमिनियमची घडी एकदा बसली की उलगडत नाही. ती गेली भंगारात.

हे होऊ नये म्हणून मशीनवर एक जागा असते, आम्ही तिला नुसतं ‘ओरिएंटेशन’ म्हणतो. गोल टेबलावर बारा होल्डर, प्रत्येकात एक ट्यूब. टेबल सेकंदाला एक घर सरकतं आणि जेमतेम अर्धा सेकंद थांबतं. तेवढ्यात खालून एक शाफ्ट वर येऊन होल्डरला धरतो, स्टेपर मोटर ट्यूबला गरकन फिरवते, आणि बाजूला बसलेला सेन्सर शेपटीजवळ छापलेली एक छोटी पट्टी शोधत असतो. या पट्टीला आय मार्क म्हणतात. ती दिसली की ठरलेल्या पावलांनंतर मोटर जागच्या जागी उभी. पुढे भरणं आणि घडी. आमची मोटर दोनशे पावलांत एक फेरा घेते, म्हणजे पावलाला १.८ अंश. पाच पावलं चुकली तरी नऊ अंश होतात आणि ट्यूब डोळ्याला खटकते.

त्या दिवशी मी सेकंड शिफ्टला होतो. सात-सव्वासातला पॅकिंगच्या मावशी काचेवर टकटक करून सांगू लागल्या, “दादा, आज सगळ्याच तिरळ्या यायला लागल्यात.” मला वाटलं नेहमीची अतिशयोक्ती. आत जाऊन ट्रे बघितला तर खरंच. दहात दोन सरळ, त्याही नशिबानं. बाकीच्यांत कुठल्याही दोन ट्यूब एकाच जागी दबलेल्या नव्हत्या. मशीन बंद केलं.

यानंतर मी चार तास जे केलं ते सांगायला आज लाज वाटत नाही, तेव्हा वाटली होती. आधी सेन्सरची काच पुसली, मलमाचा एक थेंब तिथे उडालाच तर सेन्सर आंधळा होतो. काच स्वच्छ होती. मग कपलिंगचा ग्रब स्क्रू, तो ढिला झाला की मोटर फिरते आणि शाफ्ट मागे राहतो. घट्ट होता. मग बाराच्या बारा होल्डर काढून आतले बुश तपासले, कारण झिजलेल्या बुशात ट्यूब नुसती घसरते. दोन बुश बदलले, ते तसेही बदलायचेच होते. मग मोटरचा ड्रायव्हर, मग केबल. प्रॉडक्शनचे साहेब तीनदा येऊन गेले. चौथ्यांदा आले नाहीत, आणि ते जास्त वाईट असतं.

बदललेलं काय होतं, हे कुणी विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं: ट्यूब. त्याच संध्याकाळी नवा लॉट लागला होता, नव्या डिझाइनचा. पूर्वी नाव हिरवं होतं, आता लालभडक. पण मी तिकडे बघतच नव्हतो. ट्यूब हाताने फिरवून बघितली होती मी, पट्टी होती, ठसठशीत होती, तिची जागा मिलिमीटरपर्यंत मोजली होती. मला दिसते तर सेन्सरला दिसणारच, हे मी गृहीत धरून बसलो होतो.

साडेअकराला शिफ्ट सुटली. मी चहाला म्हणून गेटकडे गेलो तेव्हा हातात दोन ट्यूब होत्या, एक जुनी, एक नवी. छापलेली ट्यूब लाइनवरून बाहेर न्यायची नसते. औषधाच्या कारखान्यात आलेल्या, वापरलेल्या आणि फाडलेल्या प्रत्येक छापील ट्यूबचा हिशोब लागावा लागतो. आमच्या गणवेशाला खिसे नसतात ते उगाच नाही. मी मुठीत धरून नेल्या. चूकच.

गेटवर आमचा एक ऑपरेटर बाइक चालू करून वॉचमनशी बोलत उभा होता. पाय ब्रेकवर, मागचा लाल दिवा लागलेला. गेटचा मोठा दिवा त्या आठवड्यात गेला होता, म्हणून मी ट्यूब बघायला त्याच उजेडात धरल्या. जुन्या ट्यूबवरची काळी पट्टी काळीच होती. नव्या ट्यूबवर औषधाचं नाव नव्हतं. नाव नाही आणि पट्टीही नाही. पांढरी ट्यूब सगळी लाल दिसत होती आणि तिच्यावर तेवढी बारीक काळी अक्षरं, घटक, वजन, साठवणुकीची सूचना, तरंगत होती. त्यानं ब्रेकवरचा पाय उचलला, उजेड मंदावला. मी ओरडलो, “अरे, ब्रेक सोडू नको!” तो बिचारा दोन मिनिटं ब्रेक दाबून उभा राहिला. त्याला वाटलं, गाडीचंच काहीतरी बिघडलंय.

आमच्या सेन्सरचा उजेड लाल होता. लाल ठिपका ट्यूबवर पडतो आणि परत किती उजेड आला तेवढंच सेन्सर मोजतो. पांढरा रंग लाल उजेड परत पाठवतो, लाल रंगही जवळजवळ तितकाच पाठवतो. काळा गिळून टाकतो. सेन्सरला पट्टी कळते ती एवढ्या फरकावरून, त्याला रंग असा काही माहीतच नाही. आत येऊन आकडे बघितले: जुनी ट्यूब फिरवली की सेन्सरवरचा आकडा पट्टीपाशी धपकन खाली येत होता, नवी ट्यूब फिरवली तर जागचा हलत नव्हता. हा आकडा संध्याकाळी सातलाही माझ्या नाकासमोर होता.

डिझाइन करणाऱ्याला तो काळा तुकडा लाल-पांढऱ्या ट्यूबवर खुपला असावा. त्यानं पट्टी नावाच्याच लाल रंगात बसवली. कागदावर छान दिसत असणार. मंजुरीच्या सह्या सगळ्यांच्या होत्या, मेंटेनन्सची तेवढी नव्हती, कारण मेंटेनन्सला असलं काही कुणी दाखवत नाही. दाखवलं असतं तरी मी ओळखलं असतं का? खरं सांगायचं तर नाही.

उपाय साधा होता. हिरव्या उजेडात लाल पट्टी काळी दिसते. शेजारच्या कार्टन मशीनवर हिरव्या उजेडाचा सेन्सर होता, तो काढून लावला, पांढरं आणि लाल असं दोन्ही त्याला शिकवलं आणि रिकाम्या ट्यूब सोडल्या. पन्नासच्या पन्नास सरळ. पण बॅच लगेच चालू झाली नाही. रात्रपाळीच्या क्यूएच्या मॅडमनी सांगितलं, सेन्सर बदलला म्हणजे मशीन बदललं, आधी फॉर्म भरा. मी कुरकुरलो, पण त्यांचं बरोबर होतं. त्यांनी मोजणी घेतली तेव्हा दोन ट्यूब कमी भरल्या. मी मूठ उघडली. त्यांनी काही न बोलता त्या रिजेक्शनमध्ये धरल्या आणि रजिस्टरवर माझी सही घेतली. मशीन सकाळी साडेनऊला सुरू झालं.

हे सगळं मी एरवी लिहिलं नसतं. पण मागच्या महिन्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो जुना मेसेज पुन्हा आला: टूथपेस्टच्या ट्यूबच्या टोकाला पट्टी असते; हिरवी असेल तर माल नैसर्गिक, निळी म्हणजे नैसर्गिक आणि औषधी, लाल म्हणजे नैसर्गिक आणि रासायनिक, काळी म्हणजे निव्वळ रसायन, घेऊ नका. खाली चार जणांचे जोडलेले हात. माझी मेव्हणी तर दुकानात ट्यूब उलटी करून काळी पट्टी दिसली की परत ठेवते. मी तिला म्हटलं, “ताई, ती पट्टी तुमच्यासाठी नाहीच, ती मशीनसाठी आहे.” तिला वाटलं मी कंपन्यांची बाजू घेतोय.

म्हणून तिला, आणि तुम्हालाही, आमच्याच ट्यूबचं सांगतो. तिच्यावरची पट्टी वर्षानुवर्षं काळी होती. मग एका लॉटला लाल झाली. त्या रात्रीनंतर, पुढच्या छपाईला, ती पुन्हा काळी झाली. काळी शाई त्या ट्यूबवर तशीही होतीच. मलम तिन्ही वेळा एकच होतं.